टायपिंग आणि गेम, दोन्हींसाठी एकच स्वस्त मेकॅनिकल कीबोर्ड: कामाच्या नोंदी

२ जून

काम असं आहे: दिवसभराचं मराठी टायपिंग आणि संध्याकाळचे गेम, दोन्हींना पुरेल असा एकच मेकॅनिकल कीबोर्ड निवडायचा, आणि तो महागड्या वर्गातला नको. टायपिंग मी करणार, इनस्क्रिप्ट या मराठी-हिंदीच्या प्रमाणित कळ-मांडणीत. गेम भाचा खेळणार, बहुतेक नेमबाजीचे.

टेबलावर चार कीबोर्ड आहेत. कुणाची जाहिरात नको आणि बदनामीही नको, म्हणून अंगकाठीवरून नावं दिली. मोठा: १०४ बटणं, निळे स्विच (स्विच म्हणजे प्रत्येक बटणाखालचा दाब ओळखणारा भाग), सर्किटच्या पाटीवर कायमचे सोल्डर केलेले. मधला: ८७ बटणं, म्हणजे नंबर पॅड कापलेला, ब्राऊन स्विच, हॉट-स्वॅप, म्हणजे सोल्डरशिवाय स्विच काढता-घालता येणारा. छोटा: ६५ टक्के म्हणतात तो आकार, ६८ बटणं, लाल स्विच, हॉट-स्वॅप, बिनवायरचा पण वायरनेही चालणारा. चुंबकी: ६१ बटणं, ६० टक्के, हॉल इफेक्टचा, म्हणजे चुंबकाने दाब ओळखणारा.

चारही प्लास्टिकच्या बॉडीचे. चौघांतही रोषणाई उदंड, ती आधी बंद केली. या वर्गात पैसा कुठे खर्च झालाय आणि कुठे वाचवलाय ते दिव्यांच्या झगमगाटात दिसत नाही.

३ जून

रंगांचा घोळ आधी मिटवून टाकतो, कारण भाच्याचा पहिला प्रश्न तोच होता: "लाल चांगला की ब्राऊन?"

रंगांची ही पद्धत चेरी या जर्मन कंपनीची. तिचे एमएक्स स्विच १९८० च्या दशकातले. मूळ पेटंटची मुदत संपल्यावर गेटरॉन, केल, आउटेमू वगैरेंनी त्याच मापाचे स्विच काढले आणि रंगही तेच ठेवले. स्वस्त मेकॅनिकल कीबोर्डचं पीक आलं ते त्यामुळे. लाल म्हणजे सरळ खाली जाणारा, ब्राऊन म्हणजे वाटेत छोटा उंचवटा लागणारा, निळा म्हणजे उंचवटा अधिक 'टिक' आवाज. एवढीच हमी. एका कंपनीचा लाल आणि दुसरीचा लाल हाताला सारखे लागतीलच असं नाही.

तुलनेला आधार म्हणून चेरीचे आकडे लिहून ठेवतो. लाल: ४५ सेंटिन्यूटन दाब, २ मिमी खाली गेल्यावर बटण लागल्याची नोंद, एकूण प्रवास ४ मिमी. ब्राऊन: ५५ आणि २ मिमी. निळा: ६० आणि २.२ मिमी. स्पीड सिल्व्हर: ४५, पण नोंद १.२ मिमीवरच आणि एकूण प्रवास ३.४. एक सेंटिन्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक ग्रॅम वजनाचा दाब.

५ जून

स्विचचं वजन घरच्या घरी मोजायची सोय केली. हॉट-स्वॅपमधून स्विच उपटायचा, दोन पिनांना मल्टिमीटरच्या चिमट्या लावायच्या आणि मीटर 'बीप'वर ठेवायचा. स्विचच्या दांड्यावर दुतर्फा टेपने बाटलीचं हलकं झाकण चिकटवायचं (झाकणाचं वजन आधी करून ठेवायचं) आणि सुईशिवायच्या सिरिंजने त्यात थेंब थेंब पाणी सोडायचं. एक मिली म्हणजे एक ग्रॅम. बीप वाजला की थांबायचं आणि सिरिंजवरचा आकडा वाचायचा. कीबोर्ड अर्थातच दुसऱ्या टेबलावर.

आकड्यापेक्षा बघायला मिळालं ते जास्त कामाचं निघालं. लाल स्विचवरचं झाकण प्रत्येक थेंबाबरोबर जरा जरा खाली सरकतं आणि मध्येच कधीतरी बीप येतो. तो कुठे येणार याचा हाताला काही अंदाज नसतो. ब्राऊनवरचं झाकण थोडं खाली जाऊन अडून बसतं. पाणी वाढतंय, झाकण जागचं हलत नाही. मग एका थेंबाला ते एकदम खचतं आणि खचतानाच बीप येतो. तळाला टेकवायला पुढे आणखी थोडं पाणी लागतंच. बोटाला 'लागलं' असं जे कळतं ते हे खचणं.

एकाच कीबोर्डावरच्या दोन शेजारी स्विचमध्येही फरक निघाला, डोळ्यांना दिसेल इतका. यात नवल नाही. काही कंपन्या आपल्या तक्त्यातच ४५ ± १५ ग्रॅम असं लिहितात. त्यामुळे परीक्षणांमध्ये 'हा ४५चा, तो ४७चा' म्हणून जी बारीक तुलना चालते ती या वर्गात मी सोडून दिली.

६ जून

दिवसभर मोठा वापरला. टायपिंगला मजा येते हे कबूल. पण फोनवरच्या माणसाने विचारलं, "मागे छपाई चालू आहे का?"

भाच्याची तक्रार वेगळी आणि जास्त तांत्रिक: "मामा, हे बटण सोडलं तरी सुटत नाही." तो बरोबर बोलतोय. निळ्या स्विचमध्ये टिक आवाज करणारा तुकडा दांड्यापासून सुटा असतो, तो खाली आपटतो. परत वर येताना मात्र तो तुकडा पुन्हा जागेवर बसेपर्यंत स्विच सुटत नाही. म्हणजे नोंद होते त्या बिंदूच्या बरंच वर आल्यावर सुटका. एकच बटण झपाट्याने दोनदा दाबायचं तर बोट पुरतं वर न्यावं लागतं. लाल आणि ब्राऊनमध्ये हे अंतर फार थोडं.

स्विच सोल्डर केलेले, बदलायची सोय नाही. मोठा बाद.

८ जून

आज फक्त शिफ्ट.

कीबोर्डची परीक्षणं इंग्रजी टायपिंग करून लिहिलेली असतात. तिथे शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला लागते, मग कुठे विशेषनाम आलं तर. इनस्क्रिप्टमध्ये ती सतत लागते. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ ही सगळी मंडळी शिफ्टवर. स्वर शिफ्टवर, श शिफ्टवर, आणि मराठीला ज्यांच्यावाचून दोन वाक्यं पुढे जाता येत नाही ते ळ आणि ण, तेही शिफ्टवरच.

'आठवण' टाइप करून बघा. आ: ई-चं बटण शिफ्टसह, डावा हात, म्हणून शिफ्ट उजवीकडची. ठ: अवतरणचिन्हाचं बटण, उजवा हात, शिफ्ट डावीकडची. व: साधं. ण: सी-चं बटण, पुन्हा उजवी शिफ्ट. चार अक्षरांत तीन वेळा शिफ्ट, तीही आलटून पालटून.

तेव्हा माझ्या करंगळ्या दिवसभर दोन लांब बटणांवर आपटत असतात. स्वस्त कीबोर्डची सगळ्यात कच्ची जागा नेमकी तीच आहे, लांब बटणं. साध्या बटणाखाली एक स्विच आणि काम संपलं. डावी शिफ्ट सव्वादोन पट, उजवी पावणेतीन पट, स्पेस सव्वासहा पट लांब. त्यांच्या दोन्ही टोकांना आधार लागतो, दोन्ही टोकांना जोडणारी एक तार वाकवून बसवलेली असते, ती स्टॅबिलायझर. तार वाकडी असली, ग्रीस कमी असलं, की खडखड होते आणि टोकावर दाबल्यास बटण तिरकं होतं. करंगळी शिफ्टच्या मध्यावर कधीच पडत नाही, टोकावरच पडते.

प्रत्येक कीबोर्डच्या दोन्ही शिफ्ट अगदी कडेला दाबून बघितल्या. चुंबकी चांगला. छोटा बरा. मधल्याची डावी शिफ्ट ठीक, पण उजवी परत येताना रेंगाळते आणि स्पेसबारचा आवाज असा की स्विचचा आवाज ऐकूच येऊ नये. मधल्याला यासाठी बाद करत नाही, कारण हा दोष हाताने काढता येतो. सोल्डर केलेला स्विच काढणं त्या मानाने कटकटीचं.

९ जून

छोट्याची उजवी शिफ्ट आखूड आहे. ६५ टक्क्यांच्या कीबोर्डात बाणांची बटणं बसवायची म्हणून उजवी शिफ्ट पावणेदोन पटीवर आणतात आणि तिच्या शेजारी वरचा बाण येऊन बसतो. करंगळी सवयीने जिथे जाते तिथे आता बाण आहे. ण टाइप करायला गेलो की कर्सर वरच्या ओळीत आणि तिथे म उमटलेला.

सवय होईलही. पण हा कीबोर्ड दुसरं कुणीही वापरायला बसलं तर त्याला ती पुन्हा करावी लागणार. ७५ टक्क्यांच्या बहुतेक कीबोर्डांत हीच आखूड शिफ्ट असते. पूर्ण उजवी शिफ्ट आणि वेगळे बाण, दोन्ही हवेत तर ८७ बटणांखाली उतरू नये, असं माझं मत आता पक्कं झालं आहे.

बिनवायरचा भाग लवकर उरकला. ब्लूटूथवर झोपेतून उठताना छोटा पहिलं अक्षर खातो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या डोंगलवर ते होत नाही. गेमला डोंगल किंवा वायर, ब्लूटूथ फक्त टॅबलेटपुरतं.

११ जून

चुंबकी. भाच्याने त्याच्या मनासारखा लावून दिला: अर्ध्या मिलिमीटरवर नोंद. त्याचा गेम झाल्यावर सेटिंग तसंच ठेवून मी त्यावर मजकूर टाइप करायला घेतला.

पहिलं पान वाचल्यावर 'घर'च्या जागी 'घरे', 'गाव'च्या जागी 'गावे', 'काम'च्या जागी 'कामे'. शब्दलेखन तपासणीने एकावरही बोट ठेवलं नाही, कारण हे तिन्ही शब्द शुद्ध आहेत. वाक्य मात्र बिघडलेलं: 'माझं घरे लहान आहे.'

कारण समजायला वेळ लागला नाही. इनस्क्रिप्टमध्ये व्यंजनं बहुतेक उजव्या हाताकडे आणि मात्रा डाव्या हाताकडे. डावी बोटं विश्रांतीला जिथे टेकतात त्या ए, एस, डी, एफ या बटणांवर अनुक्रमे ो, े, ्, ि बसलेले आहेत. उजव्या हाताने र दाबला, शब्द संपला, डावं अनामिका बोट एस-वर जरा जड टेकलं, की झाला 'घरे'. डी-वर टेकलं तर 'घर्', ते निदान डोळ्यांना खुपतं. इंग्रजीत असं झालं तर शब्दाच्या शेवटी एक उपरा एस चिकटतो, तो बराच वेळा दिसतो तरी. इथे चूक शुद्ध शब्दाच्या वेषात येते.

आणि आता खरी अडचण. गेममध्ये हालचालीची बटणं कोणती? डब्ल्यू, ए, एस, डी. भाच्याला जी बटणं नुसत्या स्पर्शाने लागायला हवीत, नेमकी तीच माझी मात्रांची आणि पाय मोडण्याची बटणं, आणि मला ती जरा जडच हवीत. टायपिंग आणि गेमिंग यांत तडजोड कुठे करावी यावर लोक भरपूर बोलतात. मराठी टायपिंगसाठी ती तडजोड नेमकी या चार बटणांवर येऊन ठेपते. बाकीच्या बटणांबद्दल आमचं दोघांचं फारसं भांडण नाही.

१२ जून

चुंबकीची बाजूही मांडायला हवी, कारण यंत्र म्हणून तो चौघांत सगळ्यात हुशार आहे.

साध्या मेकॅनिकल स्विचमध्ये धातूच्या दोन पात्या एकमेकींना टेकतात, तेव्हा बटण लागलं. चुंबकीत पात्या नाहीत. दांड्यात चुंबक, खाली पाटीवर हॉल सेन्सर, चुंबक किती जवळ आला हे तो सतत मोजतो. त्यामुळे बटण किती खोलीवर 'लागलं' म्हणायचं हे सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येतं, प्रत्येक बटणाला वेगळं. शिवाय रॅपिड ट्रिगर: बटण ठरावीक उंचीवर यायची वाट न बघता, बोट जरा वर फिरलं की सुटलं आणि पुन्हा खाली वळलं की लागलं. वुटिंग या कंपनीने हे चालू केलं, आता स्वस्तातही मिळतं. धावता धावता जागच्या जागी थांबून गोळी मारायची असते तिथे याचा फायदा खरोखर जाणवतो. भाचा खेळताना बाजूला बसून पाहिलं.

मात्र यातल्या सगळ्याच सोयी सगळीकडे चालत नाहीत. डावं आणि उजवं एकदम दाबलं असताना शेवटचं कोणतं ते कीबोर्डनेच ठरवून पहिलं आपोआप सोडून देणं, ही सोय २०२४ मध्ये रेझरने 'स्नॅप टॅप' नावाने आणली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हॉल्व्हने काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरांवर अशा आपोआप हालचालींना मनाई केली, असं आढळलं तर खेळाडूला सामन्यातून बाहेर काढतात. भाच्याला हे ठाऊक होतं, तरी ती सोय चालू होती. बंद करायला लावली. रॅपिड ट्रिगर मात्र त्या मनाईत येत नाही.

माझ्यासाठी चुंबकीत दोन प्रोफाइल केले. टायपिंगच्या प्रोफाइलमध्ये सगळी बटणं २.२ मिमीवर, रॅपिड ट्रिगर बंद. फालतू मात्रा जवळजवळ थांबल्या. म्हणजे कालचं भांडण या तंत्राने मिटतं, हे मान्य करायलाच हवं.

मग अडतं कुठे? ६१ बटणांत बाण नाहीत, होम-एंड नाही, डिलीट नाही, सगळं एफएन दाबून. मुद्रितशोधनाला हे जाच आहे. आणि उंचवटा नाही. चुंबकीतले स्विच सगळे सरळ खाली जाणारे, बटण कुठे लागलं ते बोटाला सांगत नाहीत. ८७ बटणांचा चुंबकी टेबलावर असता तर या नोंदी इथेच थांबल्या असत्या.

१४ जून

भाच्याशी वेगाबद्दल वाद. त्याचं म्हणणं, स्पीड सिल्व्हर लावले की गेम सुधारतो. कागदावर हिशोब मांडला.

बोट सेकंदाला २०० मिमी वेगाने खाली जातं असं धरू. २ मिमीऐवजी १.२ मिमीवर नोंद, म्हणजे ०.८ मिमी वाचले, म्हणजे ४ मिलिसेकंद. कीबोर्ड संगणकाला सेकंदाला १२५ वेळा कळवत असेल तर दोन खेपांमध्ये ८ मिलिसेकंद जातात, १००० वेळा कळवत असेल तर १. त्यात डिबाउन्स. पात्या एकमेकींवर आदळतात तेव्हा क्षणभर थरथरतात, ती थरथर दोन-तीन वेळा दाबल्यासारखी वाटू नये म्हणून फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डाच्या आतला प्रोग्राम, थोडं थांबतं. क्यूएमके या मुक्त फर्मवेअरमध्ये हे थांबणं मुळात ५ मिलिसेकंदांचं असतं. दुसरी रीत अशी की पहिल्या स्पर्शालाच कळवून टाकायचं आणि नंतरची थरथर दुर्लक्षायची, त्यात दाबताना वाट बघणं नाही. शेवटी पडदा: ६० हर्ट्‌झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो, १४४ हर्ट्‌झचा ६.९.

"म्हणजे मी पडदा बदलायला हवा?"

"तुझा पडदा ६० चाच आहे ना?"

यावर तो गप्प. स्विचने वाचवलेले ४ मिलिसेकंद खोटे नाहीत, पण फर्मवेअर आणि पडदा यांच्यात त्याहून जास्त वेळ अडकलेला असतो, आणि खोक्यावर स्विचचा रंगच मोठ्या अक्षरांत छापतात. मधला आणि छोटा वायरवर १००० च्या गतीने कळवतात हे तपासलं.

डिबाउन्स फार कमी करू नये हेही लिहून ठेवतो. मधल्यावर १ वर नेला तर 'ा' दोनदा उमटू लागला. मराठीत ही चूक निदान लपत नाही, दुसरा काना व्यंजनाशिवाय लोंबतो आणि त्याच्या आधी ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. ५ वर परत आणला.

१५ जून

एकदम किती बटणं लागतात ते पाहिलं. चौघेही पास. मधला उघडला तेव्हा प्रत्येक स्विचमागे छोटा डायोड दिसला. बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत जोडलेली असतात; डायोड असला की त्या जाळीतल्या आयताची तीन टोकं दाबल्यावर चौथं खोटं उमटत नाही. तुलनेला घेतलेल्या जुन्या मेम्ब्रेन कीबोर्डवर धावत उडी मारून डावीकडे वळणं जमलं नाही, एक बटण गिळलं गेलं.

एक बारीक गोष्ट: यूएसबीच्या मूळ साध्या पद्धतीत एका खेपेत सहाच बटणं मावतात, शिफ्ट-कंट्रोलसारखी वेगळी धरून. त्यापुढची 'सगळी बटणं' पद्धत काही संगणकांच्या बायॉसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामला, कळत नाही. कीबोर्ड विंडोजमध्ये चालतोय पण संगणक सुरू होताना मेल्यासारखा पडलाय असं झालं तर आधी ही पद्धत बंद करून बघावी.

१८ जून

मधल्याचे स्टॅबिलायझर. सकाळ यातच गेली, पण या सगळ्या खटाटोपात सगळ्यात जास्त फळ या कामाने दिलं.

बटणांवरच्या टोप्या काढल्या, शिफ्ट-एंटर-स्पेसखालच्या तारा बाहेर काढल्या. कारखान्यात लावलेलं ग्रीस एका टोकाला गोळा, दुसऱ्या टोकाला कोरडं. सगळं पुसून काढलं. तार सरळ आहे का हे बघायला ती काचेवर आडवी ठेवायची आणि एक टोक बोटाने दाबायचं. दुसरं टोक टकटकलं तर तार पिळलेली आहे. स्पेसबारची तार चांगलीच टकटकली. दोन पकडींनी हळू हळू उलटा पीळ देत ती काचेला चिकटेपर्यंत सरळ केली. उजव्या शिफ्टची तार सरळ होती, तिथे फक्त प्लास्टिकच्या घरात ग्रीस सुकलं होतं.

मग डायइलेक्ट्रिक ग्रीस, तारेची टोकं जिथे घरात शिरतात तिथे. हात आखडता ठेवला, जास्त लावलं तर बटण चिखलातून पाय काढल्यासारखं वर येतं. उजव्या शिफ्टला आधी थोडंच लावलं, बघितलं, मग आणखी. पाटीच्या पाठीवर रंगकामातल्या कागदी टेपचे दोन थर दिले, त्याने पोकळ आवाज जरा घुमेनासा झाला. बॉडीच्या तळाशी पातळ फोम आधीच होता.

बसवल्यावर आधी शिफ्ट कडेला दाबून बघितली, मग 'आठवण', 'शाळा', 'ठणठणीत' अशी शिफ्टखाऊ शब्दांची ओळ पुन्हा पुन्हा. रेंगाळणं गेलं. स्पेसबार आता इतर बटणांच्या आवाजात मिसळतो.

१९ जून

हॉट-स्वॅपबद्दल सावधगिरी, पुढे कुणी ही नोंद बघून उघडायला बसलं तर: स्विच घालताना पाटीच्या मागून सॉकेटला बोटाचा टेकू द्यावा. वरून नुसतं दाबलं तर सॉकेट पाटीवरून उखडू शकतं. पिना आधी डोळ्यांसमोर धरून सरळ आहेत ना बघाव्यात. पाच पिनांचे स्विच तीन पिनांच्या पाटीवर बसवायचे तर प्लास्टिकचे दोन पाय कापावे लागतात. आणि काही स्वस्त सॉकेटांची भोकं बारीक असतात, जाड पिनांचे स्विच त्यांत जात नाहीत. घेण्याआधी हे विचारावं.

२१ जून

मधल्यावर स्विचची सरमिसळ. सुटे स्विच मागवले होते: सिल्व्हर चार आणि गेटरॉनचे पिवळे मूठभर. पिवळे सरळ जाणारे, पण लालपेक्षा थोडे जड, सुमारे ५० ग्रॅमचे.

आधी भाच्याच्या मनासारखं: डब्ल्यू, ए, एस, डी या चारांवर सिल्व्हर, बाकी सगळीकडे ब्राऊन. त्याला आवडलं. मला दुपारपर्यंत 'घरे' आणि 'गावे' परत मिळाले, चुंबकीवर होते तितके नाही, पण मिळाले. शिवाय आणखी एक त्रास: चार बटणं हलकी आणि शेजारची अडणारी, त्यामुळे ि (एफ) आणि ् (डी) यांत बोटं अडखळतात.

मग त्या चारांवर पिवळे. नोंद २ मिमीवर, उंचवटा नाही, वजन ब्राऊनच्या जवळपास. बोट नुसतं टेकलं तर लागत नाही, आणि गेममध्ये वाटेत अडतही नाही. भाच्याने मुद्दाम दोन्ही लावून खेळून पाहिलं. "सिल्व्हर जास्त चांगले वाटतात, पण हरलो तर याच्यामुळे हरलो असं नाही म्हणणार." एवढं पुरे.

२३ जून

टोप्या. मधल्याच्या पीबीटीच्या, छोट्याच्या एबीएसच्या, दोन्ही प्लास्टिकचेच प्रकार. एबीएस बोटांच्या घासण्याने लवकर चकचकीत होतं, पीबीटी उशिरा. छोट्याच्या एस आणि डी-वर आत्ताच चमक धरलीय, ती गेमने धरली की मात्रांनी हे सांगता येणार नाही. इनस्क्रिप्टची अक्षरं कुठल्याच टोपीवर नाहीत. न बघता टाइप करणाऱ्याला ती लागत नाहीत, एफ आणि जे वरच्या उंचवट्यांवरून ि आणि र सापडले की बाकीचं आपोआप.

२४ जून

मधला व्हायावर चालतो, म्हणजे ब्राउझरमधूनच बटणं बदलता येतात आणि बदल कीबोर्डात साठतात. ब्राउझर क्रोमियमवरचा लागतो, म्हणजे क्रोम किंवा एज. आपला कीबोर्ड यादीत नसेल तर कंपनीची जेसन फाइल, म्हणजे त्या कीबोर्डच्या मांडणीची फाइल, चढवावी लागते. चुंबकीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर.

कॅप्स लॉकचा मला उपयोग शून्य. तिथे विंडोज-स्पेस बसवलं, म्हणजे करंगळीच्या एका दाबाने मराठी-इंग्रजी. आणि विंडोजमधला भाषा बदलायचा ऑल्ट-शिफ्टचा शॉर्टकट काढून टाकला. तो चालू असला तर गेममध्ये धावताना शिफ्टसोबत ऑल्ट लागतो, भाषा बदलते आणि खेळाडू जागच्या जागी थिजतो. भाच्याचा 'कीबोर्ड अडकतो' हा जुना आरोप यातूनच आला होता.

बटणांच्या मांडणीच्या दुसऱ्या थरात गेम: विंडोजचं बटण मृत, कॅप्स मृत. थर बदलायला स्क्रोल लॉक, त्याला तरी काही काम मिळालं.

२७ जून

निवड: मधला. स्विच ब्राऊन, डब्ल्यू-ए-एस-डी पिवळे, डिबाउन्स ५, वायरवर, ऑल्ट-शिफ्ट बंद. लांब बटणांचे स्टॅबिलायझर दुरुस्त केलेले. छोटा टॅबलेटसोबत राहील. मोठा परत.

चुंबकी भाच्याने मागून घेतला, सुट्टीत खेळायला. ८७ बटणांचा चुंबकी या वर्गात हाती आला तर तो मधल्यासमोर ठेवून शिफ्टची आणि 'घर'ची चाचणी पुन्हा घ्यायची. तोवर मधल्याच्या एंटरखालची तार अजून किंचित टकटकते, ती उद्या सकाळी पुन्हा काचेवर.